सुस्त म्हणजे आळस!

मी एकदा व्याकरणापायी माझ्या बायकोचा जीव घालवणार होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी हुबळीच्या एका शाळेत मराठी शिकवत असे. बायको सुमती तिथल्याच कमरीपेठेत वाढलेली, तिच्या मराठीत निम्मं कानडी. साखरेचा आजार जुना. एके सकाळी पोळ्या लाटता लाटता ती मटकन खाली बसली.

"अहो, भारी सुस्त झालंय बघा."

"सुस्त होत नसतं," मी पेपरातून (डोकं वर न काढता!) म्हणालो. "सुस्ती येते. आणि सुस्ती म्हणजे आळस!"

कानडीत सुस्त म्हणजे थकून गळून जाणं, हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! पण शुद्ध मराठीचा मक्ता माझ्याकडे होता ना.

आठवडाभर ती सुस्त आणि मी शुद्ध. जिन्यावर तिला दम लागला, तर म्हणालो, "वजन उतरव." घाम सुटून मळमळलं, तर "पित्त!" म्हणून कोकम पाजलं. (बिनसाखरेचं. तेवढी अक्कल होती!) हृदयविकार? छे! तो पुरुषांना होतो, तोही छाती धरून कोसळल्यावर, असं माझं ठाम मत.

शनिवारी आठ मिरची भजी खाल्ली आणि माझ्याच छातीत कळ आली.

"सुमती, मी चाललो!"

लगेच रिक्षा, लगेच कोप्पीकर रोडचे डॉक्टर. जिन्यावर मी पुढे, माझी पिशवी घेऊन ती मागे. मला टेबलावर आडवं करून तारा लावल्या, कागद निघाला. डॉक्टर मात्र दाराला टेकलेल्या, घामानं चिंब सुमतीकडे बघत होते.

"अक्का, एदी नोव ऐतेनु?" म्हणजे छाती दुखते का?

"इल्लरी. बरे सुस्त."

नाही, नुसतं सुस्त. डॉक्टर ताडकन उठले. "मास्तर, उतरा खाली!"

"पण माझं हृदय..."

"तुमचा गॅस आहे! उतरा!"

सुमतीचा कागद बघून ते माझ्यावर उखडले. "हार्ट अटॅक आहे हा! साखर असलेल्या बाईची छाती दुखेलच असं नाही! दम, घाम, सुस्त, हीच तिची बोंब. किती दिवस सांगतायत या?"

"आठवडा."

"आणि तुम्ही काय केलंत?"

व्याकरण सुधारलं, हे सांगायला तोंड नव्हतं.

चौथ्या दिवशी ती इस्पितळात उठून बसली. मी चक्क रडलो. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या हृदयाचं काय निघालं हो?"

"ठणठणीत! अगदी नव्यासारखं आहे म्हणाले."

"असणारच. वापरलंय कुठं?"