टिकारामभाऊंची करवंटी

"टिकारामभाऊ गेले," असा धानपट्ट्यातल्या गोरेगावहून फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं, "आणि म्हैस कशी आहे?" सांगायला लाज वाटते. पण त्या माणसाची आठवण आली की आजही आधी भीतीच वाटते, बाकी सगळं मागून येतं…

मी तेव्हा नवीकोरी पशुधन पर्यवेक्षक. गुरांच्या ढेकरांतून मिथेन वायू निघतो, त्यानं हवा तापते. हिरडा, रिठा आणि लसणाची भुकटी खुराकात दिली तर तो कमी होतो का, हे आमच्या कार्यालयाला पाहायचं होतं. गाव हसलं. "म्हशीचे ढेकर कायले मोजता जी?" एकटे टिकारामभाऊ पुढे आले. त्यांची एकच दुभती म्हैस, घर तिच्याच दुधावर. मी ऐटीत सांगितलं, "रोज एक मूठ द्या." वजनकाटा पिशवीत होता, तो काढलाच नाही. मूठ म्हणजे माझी, हे डोक्यातच आलं नाही. त्यांचा पंजा धानाचे भारे बांधून बांधून सुपाएवढा झालेला.

चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तर म्हैस खाली बसलेली. डावी कूस फुगलेली, तोंडाला फेस, रवंथ बंद. भाऊ तिच्या कुशीला कान लावून बसले होते. "पोट वाजून नाई राहिलं, मॅडम." डॉक्टरांना यायला वेळ होता. मी तेल पाजलं, दोघांनी मिळून तिला उठवलं, अंगणात फिरवलं. मेली तर? मेली तर या घराला काय तोंड दाखवू? दुपारी भाऊंनी पुन्हा कान लावला. "गुडगुडून राहिलं!"

डॉक्टरांनी आल्यावर विचारलं, "किती दिली होती?" मी तोंड उघडायच्या आत भाऊच बोलले, "माही मूठ मोठी जी. मॅडमची काय चुकी?" नोकरी जाईल म्हणून मी गप्प राहिले. आज लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नारळाची करवंटी पुढे केली. "तुमची मूठ टाका यात." भुकटी आली तिथवर खिळ्यानं रेघ ओढली आणि प्रयोग चालू ठेवला. वर पाठवलेल्या अहवालाचं काय झालं, देव जाणे. मी मात्र पुढे कोणालाही मात्रा सांगताना आधी वजनकाटा काढायचे.

तेरवीनंतर मी त्यांच्या घरी गेले. गोठ्यात त्याच म्हशीची लेक उभी होती. वहिनी करवंटीनं भुकटी मोजत होत्या. भाऊंनी ती सवय सोडलीच नव्हती.

"रेघेवर नाई जायचं म्हणत. त्याईच्याच चुकीनं म्हस मरता मरता वाचली ना. शेवटपर्यंत तेच सांगत."

म्हणजे घरातसुद्धा भाऊंनी चूक स्वतःवरच घेतली होती…

"वहिनी, चूक माझी होती," मी म्हणाले. सगळं सांगितलं. त्यांनी करवंटी माझ्या हातात दिली.

"मंग आज तुमीच द्या."

रेघेपर्यंत भरली, खुराकात मिसळली. म्हशीनं खाल्लं. आणि मी तिच्या कुशीला कान लावून बसले.