वाघमारे बाईंच्या फोटोखालचं नाव

वाघमारे बाई आज सकाळी गेल्या, आणि रडू यायच्या आधी मला टेन्शन आलं ते त्यांच्या फोटोखालच्या लेबलचं.

लाज वाटते लिहायला. पण खरं आहे.

ही पोस्ट मोजक्याच लोकांना दिसतेय. प्लीज स्क्रीनशॉट काढू नका.

मी लायब्ररीत काम करते. उद्यापासून आमच्याकडे पुण्यातल्या गे आणि लेस्बियन माणसांची पत्रं, डायऱ्या आणि फोटो यांचं एक्झिबिशन आहे. त्यात बाईंनी दिलेला एक फोटो आहे.

लुनावर दोघी. पुढे बाई, मागे त्यांची मैत्रीण, मांडीवर मार्केट यार्डातून आणलेली झेंडूची पिशवी. दोघी खो खो हसतायत.

मैत्रिणीचं नाव मी इथेही लिहीत नाही.

तीस वर्षं त्या एका घरात राहिल्या. ज्या गावात बेल किती वेळा वाजवावी याचीही पाटी लागते, तिथे या दोघींबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही.

फोटो देताना बाईंनी बजावलं होतं, "मी असेपर्यंत नाव नको. गेले की लावा. पूर्ण नाव."

"नंतर कशाला, बाई?"

"अहो, माझा भाऊ पेपरात देईल. पश्चात भाऊ, वहिनी, दोन पुतणे असा परिवार. ती त्यात नसणार. कुठेतरी आम्ही दोघी एकत्र दिसू देत."

मी फॉर्मवर बाईंची सही घेतली. फोटोत माणसं दोन, सही एकच, हे डोक्यातच आलं नाही. आणि म्हणे आम्ही ट्रेन्ड लायब्रेरियन!

दुपारी बाईंच्या घरी गेले. फ्लॅट बाईंच्या नावावर. हॉलमध्ये भाऊ बसलेला, लोक त्याला भेटून जात होते. मैत्रीण आत, आलेल्यांसाठी चहा टाकत होत्या.

"या ताईच्या सोबतीला असायच्या," भाऊ म्हणाला.

मी ओट्याशी जाऊन हळूच विचारलं, लेबल लावू का?

"तिचं लावा," त्या गाळणं धुताधुता म्हणाल्या. "माझा चेहरा मात्र झाका."

"पण बाईंना तर दोघी एकत्र..."

"ती सुटली. मला अजून या घरात राहायचंय. भावाला संशय आहेच. त्याच्या हातात फोटो कशाला द्यायचा?"



मी निघताना त्या म्हणाल्या, "तुमच्या लोकांना सांगा तिच्याबद्दल. मला इथे धड रडतासुद्धा येत नाही."

म्हणून लिहितेय.

संध्याकाळी काचपेटी उघडली. लेबल लावलं. प्रमिला वाघमारे, गणिताच्या शिक्षिका.

मग मागच्या सीटवरच्या चेहऱ्यावर पांढरा कागद ठेवला. फोटोवर गोंद लावत नाही आम्ही, नुसता ठेवला. आता लुनावर बाई एकट्याच हसतायत.

तरी धाकधूक जात नाही. उद्या कुणी मैत्रिणीला हातावरून, साडीवरून ओळखलं तर? माझ्या एका एक्झिबिशनपायी या वयात त्यांचं घर गेलं तर?

बाई, मी तुमचा शब्द मोडला. जी मागे राहिली, तिचं आधी ऐकलं.

माफ करा, आणि शांतपणे जा. शेवटचा नमस्कार.