शेजारची किल्ली

नव्या गावात येऊन पुरता एक दिवस झाला नव्हता, तोवर चावीवाल्याने अख्खी गल्ली अंगावर ओढवून घेतली होती. आणि तीही भांडून नव्हे, उपकार करायला जाऊन.

सामान अजून दारातच होतं. पलंग उभा, कपाट आडवं, आणि चावीवाला स्टुलावर चढून दिव्याची वायर जोडत होता. तेवढ्यात शेजारच्या काकू आत आल्या. उंच, हाडापेराने मजबूत, चेहऱ्यावर हसू वगैरे काही नाही. त्यांनी टेबलावर एक किल्ली ठेवली, "ही आमच्या घराची," म्हणाल्या आणि आल्या तशा निघून गेल्या.

आता ज्याचा जन्म किल्ल्या कापण्यात गेला, त्याच्यापुढे कुणी किल्ली आणून ठेवली तर तो काय समजेल? न्हाव्यापुढे कुणी डोकं वाकवलं तर तो काही आशीर्वाद देत नाही. चावीवाला स्टुलावरून उतरला, खोक्यातून मशीन काढलं, किल्ली कापली, कानस मारून गुळगुळीत केली आणि दिवेलागणीच्या आत काकूंच्या दारात हजर झाला. हातात दोन किल्ल्या. एक जुनी काळवंडलेली, एक नवीकोरी चकचकीत.

"घ्या काकू. पैसे नकोत. शेजारधर्म आहे."

काकू किल्ल्यांकडे बघत राहिल्या. "दुसरी कशाला केलीत?"

"तुम्ही दिलीत म्हणून. अडकली तर सांगा, पुन्हा घासून देईन. तिसरी लागली तर तुमची आणायचीही गरज नाही, माप आता माझ्याकडे आहेच!"

असं म्हणून तो हसला. शहरात या वाक्यावर गिऱ्हाईक खूश व्हायचं. काकूंनी दोन्ही किल्ल्या हिसकावून घेतल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी चढल्याचा आवाज आला. त्या गल्लीत दिवसाउजेडी कडी लावायची पद्धत नव्हती, पण हे त्याला कुठून कळणार?

पद्धत वेगळीच होती. त्या गल्लीत प्रत्येक घराची एक किल्ली शेजारच्या घरी खिळ्याला टांगलेली असायची. कुणी बाहेर अडकलं, कुणाचं दूध उतू चाललं, कुणाचा म्हातारा आत एकटा असला, तर शेजारी खिळ्यावरून किल्ली काढून मोकळे. याबद्दल कुणी कुणाला काही सांगत नसे. श्वास कसा घ्यायचा हे कोण सांगतं? काकूंनी किल्ली सांभाळायला दिली होती आणि पठ्ठ्याने तिची नक्कल करून, वर माप आपल्याकडे ठेवल्याचं हसत हसत सांगितलं होतं.

त्यातही काकूंनी ती किल्ली दिली होती ती मनावर दगड ठेवून. कारण चावीवाल्याच्या या दोन खोल्यांत कालपरवापर्यंत काकूंची लेक, जावई आणि नातवंडं राहत होती. मालकाने भाडं वाढवलं, जावयाला ते झेपलं नाही, आणि लेक आणखी दूरच्या गावी गेली. तिथून आईला भेटायचं म्हणजे दोन बसगाड्या बदलायच्या. वाढलेलं भाडं कुणाला झेपलं? तर शहरातून आलेल्या या चावीवाल्याला. काकूंनी दात ओठ खाल्ले, पण रीत ती रीत म्हणून किल्ली नेऊन दिली. त्या किल्लीची ही गत झाली.

सकाळपर्यंत बातमी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि जाताना अंगाने भरली. एका किल्लीच्या पाच झाल्या. घराघरांतल्या खिळ्यांवरच्या किल्ल्या उतरल्या. दुपारच्या बसने दोघंतिघं शहरात जाऊन नवी कुलपं घेऊन आले. गावात नवा चावीवाला आला आणि गावाने कुलपं शहरातून आणली, याला काय म्हणावं!

चावीवाल्यालाही या गावाची काही हौस नव्हती. शहरात त्याची एक खोली होती, नळ चौघांत मिळून. हळूहळू त्या रस्त्यावर जाड पाकिटांची माणसं राहायला येऊ लागली. त्यांची दारं किल्लीने उघडत नसत, आकडे दाबून उघडत. एक दिवस खोलीचं भाडंही त्यांच्या मापाचं झालं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, तासाभरावर एक गाव आहे, स्वस्त आहे, दोन खोल्या आणि पुढे अंगण मिळतं. बायकोने अंगण हा शब्द ऐकला आणि त्याच रात्री भांडी बांधायला घेतली.

बायको शहरातल्या एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. पहाटेची पहिली बस पकडली तर ती वेळेत पोचत असे. याच्या पलीकडच्या गावाहून ती बस नव्हतीच. म्हणजे हे गाव सुटलं तर तिची नोकरी सुटली, आणि तिच्या पगारावर तर सगळा डोलारा उभा. चावीवाल्याची टपरी बसथांब्याजवळ मांडून झाली होती, पण तिथे येणारे लोक फक्त बस कधी येते ते विचारत.

घरमालक हा निवृत्त बसड्रायव्हर. गल्लीच्या तोंडाशीच राहायचा आणि कुठल्याही बाजूला वळण्याआधी हात दाखवायचा. त्याने भाडेकरार केलेला नव्हता. "महिनाभर बघू," असं म्हणाला होता. आता दारात उभा राहून म्हणाला, "हे बघा, मला भाडं हवं आणि वर शांतता हवी. गल्ली कुरकुर करत असेल तर कागद करायला माझा हात धजावणार नाही. काकूंचं मन वळवा. त्या हो म्हणाल्या की सगळे हो म्हणतात."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर टेम्पोवाला कोण होता तुमचा? नंबर जपून ठेवा."

मन वळवायला चावीवाला गेला. जाताना बायकोने बजावलं होतं, "अहो, फक्त चुकलं म्हणा. समजावत बसू नका. तुम्ही समजावायला लागलात की समोरचा पोलीस बोलावतो."

काकू ओट्यावर धान्य निवडत होत्या. आत पलंगावर काका पडून होते, त्यांना उठता येत नसे. चावीवाला म्हणाला, "काकू, चुकलं माझं." इथे थांबला असता तर कदाचित निभावलंही असतं. पण जीभ पुढे गेली. "पण तुम्ही उगाच घाबरलात. अहो, मला तुमचं घर उघडायचं असतं तर किल्ली कशाला लागली असती? हे असलं कुलूप मी तारेने..."

काकूंच्या हातातलं सूप थांबलं.

"तारेने," त्या म्हणाल्या.

"म्हणजे, उघडणार नाही. पण उघडू शकतो. म्हणून काळजी नसावी."

समोरच्या घरातला शिंपी हे ऐकत होता. संध्याकाळी गल्लीत नवी म्हण पडली: काळजी नसावी, तारेने उघडतो. चावीवाला दुकानात गेला की वाणी गल्ल्यावर हात ठेवून म्हणे, "काळजी नसावी ना?" बसमध्ये त्याची बायको चढली की बायका शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवत. सायकलच्या चाकांतली हवा तर रोज कुणी ना कुणी सोडतच असे. आणि हे सगळं गुपचूप नव्हे, तोंडावर. शिंपी एकदा सरळ म्हणाला, "शहरातून येता, आमची भाडी वाढवता, वर आमच्याच किल्ल्या पाडता. तुम्हाला शहराने हाकललं ते काय उगाच?"

"शहराने हाकललं नाही," चावीवाला म्हणाला, "भाड्याने हाकललं."

"मग तेच तुम्ही आम्हाला करताय की!"

चावीवाला हवा गेलेली सायकल ढकलत घरी आला. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "शिंप्याचं खोटं काय आहे त्यात?" आणि कूस बदलून झोपली, कारण तिला पहाटे उठायचं होतं.

महिना सरत आला. त्या दिवशी बायकोची सुट्टी होती. भर दुपारी बाहेर गलका झाला. काकू दुकानात जाताना बाहेरून कुलूप लावून गेल्या होत्या आणि परत येऊन उघडताना शहरातल्या त्या नव्या कुलपात किल्ली मोडली. अर्धी आत, अर्धी हातात. आत काका एकटे. तुकडा आत अडकल्यावर शेजारच्या खिळ्यावरची किल्लीही कामाची नव्हती, पण पूर्वी निदान कुलूप तरी जुनं, भरवशाचं असायचं. आता वाण्याने दगड आणला. शिंप्याने हातोडा आणला. कुलूप शहाणं ठरलं, कोयंडा वाकला आणि दार आणखीच घट्ट बसलं. आतून काकांची हाक येत होती, "अगं, पाणी दे गं. घसा सुकला."

चावीवाला आपल्या दारात हत्यारांची पिशवी धरून उभा होता. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. म्हणजे सगळेच बघत होते, पण बघितलं असं दाखवत नव्हते.

"जा की," बायको म्हणाली.

"बोलावलं नाही."

"तुम्हाला काय अक्षता हव्यात? म्हातारा पाणी मागतोय."

"अगं, पण मी गेलो आणि चुटकीसरशी उघडलं, तर उद्या मालक टेम्पो बोलावेल. यांच्यादेखत तारेने उघडायचं?"

"मग हळू उघडा!"

बायको हे चिडून बोलली होती. त्याला मात्र तो उपाय वाटला.

तो पुढे झाला. लोक बाजूला सरले, पण पुरते नाही. त्याने बारीक आकड्याने मोडका तुकडा ओढून काढला. मग तार घातली. शहरातलं स्वस्तातलं कुलूप ते, तार आत जाताच शरण आलं. दांडा वर उसळणार तोच चावीवाल्याने तो अंगठ्याने दाबून धरला आणि नाटक सुरू केलं. कपाळ पुसलं. हुश्श केलं. "अवघड आहे हो," म्हणाला. तार काढली, फुंकली, पुन्हा घातली. "चांगलं कुलूप घेतलंत, काकू. मला तरी उघडेल असं वाटत नाही." शिंप्याचा चेहरा जरा सैल झाला. वाण्याने मान डोलावली. कुलपं पैसे वसूल देणारी निघाली म्हणून गल्लीला बरं वाटू लागलं. चावीवाल्याच्या अंगठ्याला कळ लागली, तरी गडी कण्हत राहिला.

"अगं, पाणी," आतून आवाज आला.

काकू त्याच्या खांद्याशी उभ्या होत्या. त्या वाकल्या आणि त्यांनी त्याचा अंगठा धरून बाजूला केला. दांडा टुणकन वर उडाला.

वाण्याने हातातला दगड हळूच खाली ठेवला.

काकू आत गेल्या. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, काकांचा ठसका ऐकू आला. मग काकू बाहेर आल्या.

"मघाशीच उघडलं होतं. मी टक् झालेलं ऐकलं. मग हे कण्हणं कशाचं चाललं होतं?"

"काकू, तुम्ही घाबराल म्हणून..."

"माझा माणूस आत पाण्यासाठी ओरडतोय आणि तुम्ही दारात घाम पुसायचं सोंग करताय?"

"सोंग नाही, म्हणजे होतं सोंग, पण चांगल्या मनाने."

"चांगलं मन!" काकू म्हणाल्या. "तुमच्या चांगल्या मनाला आधी कुलूप लावा कुणीतरी."

गलका ऐकून मालकही आला होता. त्याने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं आणि वळण घेण्याआधी हात दाखवला. "म्हणजे, काकू, कागद करायचा नाही असंच ना? मी यांना सांगतो. उद्याच खोल्या बघायला दुसरं एक जोडपं येतंय शहरातून. चांगली माणसं आहेत."

चावीवाल्याच्या बायकोने दाराची चौकट धरली.

"किती देतायत?" काकूंनी विचारलं.

"आं?"

"भाडं रे. ती चांगली माणसं भाडं किती देतायत?"

मालक घुटमळला. "थोडं जास्त."

"माझ्या लेकीला काढून यांना आणलंस, तेव्हा थोडं जास्त. आता यांना काढून त्यांना आणशील, तेव्हा आणखी थोडं जास्त. असं करत करत या खोल्या आभाळाला टेकवशील, मग माझी पोर या जन्मी तरी परत येते का? याचाच कागद कर. आहे त्या भाड्यात, आणि लांबलचक मुदतीचा."

"पण काकू, तुम्हीच तर म्हणत होता की हा माणूस चोर आहे."

"नाही. चोराला अक्कल लागते. याला उघडलेलं कुलूप लपवता आलं नाही, चोरलेला माल काय लपवणार?"

तेव्हा गल्ली हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. चावीवालाही हसायला गेला, पण काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की हसू ओठांवरच वाळलं.

"तुमची दया आलेली नाही मला," त्या म्हणाल्या. "गैरसमज नको. माझी लेक यायची झाली की तुम्ही निघायचं. आणि कोयंडा वाकलाय तो सरळ करून द्या."

कागद झाला. मालकाने सही करताना पेन असं धरलं, जणू कुणी त्याचा ब्रेक दाबून ठेवला होता. कोयंडा त्याच संध्याकाळी सरळ झाला. दुसऱ्या दिवशी बायकोने आपल्या घराची किल्ली नेऊन काकूंच्या हातात दिली. "ही आमच्या घराची," म्हणाली, त्यांच्याच चालीवर. काकूंनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. "हिची दुसरी केलेली नाही ना?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती खिळ्याला टांगली.

आता त्या गल्लीचा हिशेब असा, की किल्ली गेली की किल्ली यायला हवी. चावीवाल्याने दाराच्या आतल्या बाजूला एक खिळा ठोकून ठेवला. वाण्याची किल्ली वाण्याच्या शेजाऱ्याकडे परत गेली. शिंप्याची गेली. काकूंची मात्र अजून कुठेच टांगलेली नाही. बायकोने एकदा त्या खिळ्याला छत्री अडकवली, तर चावीवाल्याने मुकाट्याने ती काढून कोपऱ्यात उभी केली.

"मागून बघू का?" बायकोने विचारलं.

"गप बस. मी मागायला गेलो तर काहीतरी बोलून बसेन."

परवा काकू दारावरून जाताना थांबल्या. आत डोकावून त्यांनी खिळ्याकडे नीट पाहिलं.

"वाकडा ठोकलाय," म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या.

चावीवाल्याने तो काढून पुन्हा सरळ ठोकला. किल्ली अजून यायची आहे.