कमरूभाऊची उघडी लिंक

कमरुद्दीनला डोकं होतं, पण त्याहून मोठं तोंड होतं. ब्रह्मपुरीकडच्या आठ-दहा गावांत इंटरनेटची वायर पोचली ती याच्यामुळे. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग केबल ओढली, मग फायबर. शिक्षण विचारलं की म्हणायचा, "खांबावर चढलो, तेच माझं कॉलेज."

वैताग एकच. लाईट गेली तरी लोक त्यालाच फोन करायचे, "कमरूभाऊ, नेट काऊन बंद हाय?" शेवटी त्याने एका कंपनीचं देखरेखीचं सॉफ्टवेअर घेतलं. नकाशावर प्रत्येक घराचा ठिपका, शेजारी नाव आणि मोबाईल नंबर. घरातलं यंत्र चालू तर ठिपका हिरवा, बंद तर लाल. त्या पानाला पासवर्डच नव्हता. लिंक असली की कोणीही उघडावं. कमरूभाऊला ती सोयच वाटली. लिंक गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "स्वतः पाहा, माझं डोकं खाऊ नका."

धान निघालं, नाटकांचे दिवस आले. एका दुपारी गावातल्या सुगंधाबाई त्याच्या दुकानात येऊन टेकल्या.

"मुखरूकडे जात होती, पण तो घरी नाई. लाल हाय."

"लाल म्हणजे?"

"अगा, घर सोडताना लाईटची मेन पाडूनच जाते ना मानूस! मेन पडली की तुझा ठिपका लाल. कोण घरी हाय, कोण नाई, मले बसल्या जागी समजते."

कमरुद्दीन खो खो हसला. मग हसता हसता थांबला. आज शेजारच्या गावात नाटक होतं. जेवणं उरकून अख्खं गाव ट्रॅक्टरनं निघणार, आणि निघताना घरोघरी मेन पडणार. कोणतं घर रिकामं, ते नावानिशी उघड्यावर! लिंक तर कुठल्या कुठे फॉरवर्ड झालेली.

त्याने तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडे पियुष नावाचा गोड बोलणारा पोरगा.

"सर, ते पेज तसंच असतं. महिन्याभरात अपडेट येईल."

"आमचं नाटक आज हाय!"

"नाटक? सर, मी खरंच सांगतोय..."

"तुह्यं नाई बे, झाडीपट्टीचं!"

बायको खुर्शीदा म्हणाली, "ओरडून काय होते? लोकायले सांगा, आज मेन पाडू नका." तेही केलं. लोकांनी उलट विचारलं, "अन् शॉर्टसर्किट झालं तं तुमी विझवाल का?"

मग कमरूभाऊची सटकली. दिवेलागणीला, पहिला ट्रॅक्टर निघण्याआधीच, त्याने दुकानातलं मुख्य यंत्र बंद केलं. क्षणात सगळा नकाशा लाल. माणसं असलेलं घर लाल, नसलेलं घरही लाल.

"पाहा आता काय पाहाचं ते!"

शिव्यांचे फोन सुरू झाले. त्यांत एक पियुषचा.

"सर, तुमचं पूर्ण नेटवर्क डाऊन दिसतंय! आमचे साहेब स्क्रीनसमोर उभे आहेत."

"उभेच राहू दे. पानाले पासवर्ड लागला की नेट चालू होईन. तोवर लाल."

पलीकडे कुजबुज झाली. "सर, तशी एक टिकच करायची आहे..."

"एक टिक? अन् मले महिना सांगून राह्यला होता!"

टिक झाली. कमरूभाऊचा स्वतःच्या फोनवर विश्वास नव्हता, त्यात जुनंच पान दिसत राहिलं तर? त्याने नाटकाला निघालेल्या सुगंधाबाईंचा मोबाईल घेऊन लिंक उघडली. पासवर्ड मागत होती. ना ठिपका, ना नाव. तेव्हा कुठे त्याने यंत्र चालू केलं.

सुगंधाबाई फुरंगटल्या. "आता मुखरू घरी हाय का नाई, मले कसं समजन?"

"आवाज द्या ना बाई, तुमाले आवाजाची काय कमी!"

त्यांनी दुकानापुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून अशी आरोळी ठोकली की मुखरू हातातला घास तसाच घेऊन धावत आला. कमरूभाऊही चढला आणि ट्रॅक्टर निघाला. गाव वाटभर त्याला नेट बंद असताना बुडालेल्या मालिकेचा हिशोब विचारत राहिलं, आणि तोही एकेकाला तोंडावर उत्तर देत राहिला.