सतराशे अठ्ठ्याण्णवचा धडा

शरयू देवस्थळी टेक्सासमधल्या शुगर लँडच्या एका शाळेत आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवायची. नागपूरहून आलेली बाई इथल्या मुलांना त्यांच्याच देशाचा इतिहास शिकवते, याचं पालकांना आधी नवल वाटे, मग सवय होई.

त्या दिवशी धडा होता नव्या प्रजासत्ताकाच्या परराष्ट्र धोरणाचा. तिनं तो रंगवून सांगितला. देश म्हणजे कालचं पोर. तिकडे इंग्लंड-फ्रान्सची जुंपलेली. हा म्हणतो, आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. तर इंग्रज याची जहाजं धरतात, खलाशी पळवतात. फ्रेंचही जहाजं लुटतात, वर बोलणी करायची तर लाच मागतात. मग बाहेरचं भय घरात शिरलं. सतराशे अठ्ठ्याण्णवमध्ये कायदा झाला, की नागरिक नसलेला माणूस धोक्याचा वाटला, तर अध्यक्षानं त्याला खटल्याशिवाय हाकलावं.

"बट माय डॅड इज ऑन अ व्हिसा!" मराठी मंडळातल्या ओळखीची अनया पटकन बोलून गेली. सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघू लागला.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकेनं बोलावलं. एका पालकाचा फोन आला होता. शरयू मुलांना घाबरवते, वर्गात राजकारण आणते म्हणे. नाव सांगता येणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिका स्वतः तासाला येऊन बसणार होत्या.

तेव्हापासून शरयूला जो तो संशयित दिसू लागला. शेजारच्या वर्गाची बाई परवा दाराशी का रेंगाळली होती? पार्किंगमध्ये तो टोपीवाला बाप आपल्याकडेच बघत होता का? ती डबा वर्गातच खाऊ लागली.

शनिवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अनयाचे बाबा, सिद्धेश, तिला बघून दुसऱ्या रांगेत सरकले. एरवी हाच माणूस "ताई, वडे आणलेत ना?" म्हणत धावत यायचा. शरयूच्या मनात पाल चुकचुकली. तिनं त्याला बाहेर व्हरांड्यात गाठलं.

"सिद्धेश, शाळेत फोन तू केलास?"

"कुठला फोन?" म्हणत त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "हो. मीच. ग्रीन कार्ड अडकलंय, ताई. अनयानं भर वर्गात माझ्या व्हिसाचा विषय काढला. त्यातलं कोण घरी जाऊन काय सांगेल, काय माहीत?"

"मला सांगायचंस ना!"

"तुम्हाला? तुम्ही तर सिटिझन झालात."

शरयू म्हणाली, "त्या कायद्याखाली एकालाही हाकललं नव्हतं, ठाऊक आहे? पण कितीतरी फ्रेंच माणसं नुसत्या भीतीनं आपणहून जहाजात बसून निघून गेली."

"शहाणी होती," सिद्धेश म्हणाला आणि आत गेला.

ठरल्याप्रमाणे तासाला मुख्याध्यापिका आल्या. शरयूनं तोच धडा शब्दही न गाळता पुन्हा शिकवला. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. प्रकरण तिथंच मिटलं. अनया मात्र पूर्ण तास बाकाकडे बघत बसली. मधल्या सुट्टीत शरयूनं विचारलं, तर हळूच म्हणाली, "मावशी, बाबा सेड नॉट टू टॉक इन क्लास."

शरयूनं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण त्याआधी कुणी बघत नाही ना, म्हणून दाराकडे पाहिलं. आपण असं पाहिलं, याचा तिला फार राग आला.