आयच्या पिशवीतली दोन औषधं

आमची आय पनवेलच्या मासळी बाजारात तीस वर्षं बसली. उरणकडच्या खाडीकाठच्या गावाहून सकाळी सहा-आसनी रिक्षाने यायची आणि पाटी रिकामी झाली की दुपारी परत जायची. त्याच धंद्यावर तिने मला शिकवलं आणि मी नवीन पनवेलच्या एका शाळेत क्लार्क झाले. आयला अक्षरओळख नव्हती. विजेचं बिल असो, विमानतळाच्या जमिनीची नोटीस असो की डॉक्टरांची चिठ्ठी, घरात आलेला कुठलाही कागद ती माझ्याकडे घेऊन यायची. "माजी पोर विंग्रजी वाचते," असं गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायची.

त्या वर्षी थंडीत तिला खोकला लागला. माझी शाळा सकाळची होती, त्यामुळे दुपारी घरी जाताना मी बाजारात डोकावायचे. आठ दिवस झाले तरी खोकला हटेना.

"आय, डॉक्टरकडे चल."

"नुसता खोकला हाय. त्याला कशाला दाक्तर? धंदा कोन बघल?"

दुसऱ्या दिवशी मी घरातली सिरपची बाटली तिला नेऊन दिली. महिन्यापूर्वी माझ्या नवऱ्याला सर्दी झाली होती, त्यातली अर्धी उरली होती. खोकला, सर्दी, ताप, सगळ्यांवर एकच औषध. मला वाटलं, बरंच झालं. मापाचं झाकण आमच्या स्वयंपाकघरात कुठेतरी हरवलं होतं. "सकाळी दोन चमचे, रात्री दोन चमचे घे," एवढं सांगून मी मोकळी झाले. कुठला चमचा ते सांगितलं नाही. ती घरी पोह्याच्या चमच्याने घेत होती, हे मला मागाहून कळलं. बाटलीवरच्या बारीक अक्षरांतलं मी फक्त नाव वाचलं होतं. तिला चार वर्षांपासून बीपीची गोळी चालू होती आणि ती चिठ्ठी मीच तिला वाचून दाखवली होती. पण बाटली देताना ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

चौथ्या दिवशी गेले तर आय ओट्यावर बसल्या बसल्या पेंगत होती. शेजारची मावशी हसून म्हणाली, "तुजी आय आज गिऱ्हाईक सोडून झोपते."

"डोका जड झालाय," आय म्हणाली.

"मग आज लवकर घरी जा," मी म्हटलं. तिने वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिलेले बोंबील घेतले आणि निघाले.

तासाभराने त्या मावशीचा फोन आला. पाटी उचलून ओट्यावरून उतरताना आय पडली होती. त्या ओल्या फरशीवर ती तीस वर्षं चालली होती, कधी साधा पाय घसरला नव्हता. खुब्याचं हाड मोडलं होतं.

आय गावी भाऊ-वहिनीजवळ राहायची. हॉस्पिटलात भाऊ फॉर्म भरायला गेला होता. आत खाटेशी मी आणि वहिनी. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना कुठली औषधं चालू आहेत?" मी आयची पिशवी पालथी केली. बीपीच्या गोळ्या, माझी बाटली आणि आणखी एक गोळ्यांचं पाकीट निघालं.

"ह्या सर्दीच्या, मी दिल्या," वहिनी म्हणाली. "गावातल्या दुकानातनं आणल्या. रोज दोन."

डॉक्टरीणबाईंनी बाटली आणि पाकीट उजेडात धरून वाचलं. "दोन्हीत सर्दीचं तेच औषध आहे. त्याने गुंगी येते. दोन्ही मिळून दुप्पट गेलं. शिवाय नाक मोकळं करणारं औषधही आहे यात, ते बीपीच्या माणसाला विचारल्याशिवाय द्यायचं नसतं. मापाचं झाकण कुठे आहे?"

मी रिकामी पिशवी पुन्हा चाचपली.

"गुंगीनेच पडल्या असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पुढच्या वेळी दोन औषधं एकत्र देण्याआधी त्यांत काय आहे ते वाचा."

हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. भाऊ परत यायच्या आत मी बाटली माझ्या पर्समध्ये टाकली. वहिनीने ते पाहिलं. गोळ्यांचं पाकीट खाटेवरच राहिलं. घरी आल्यावर उरलेलं सिरप मी मोरीत ओतून दिलं.

ऑपरेशन झालं, पण आय पुन्हा बाजारात बसली नाही. घरातल्या घरात वॉकर धरून चालायची, पुढे तेही सुटलं. गावात एकच बोलणं झालं, सुनेने कसल्या तरी गोळ्या दिल्या आणि सासू पडली. भाऊसुद्धा चिडला की तेच बोलून दाखवायचा. माझ्यासमोर बोलायचा. वहिनी मान खाली घालून भांडी घासत राहायची. एका शब्दाने ती माझं नाव घेऊ शकली असती.

दीड वर्षं तिने आयचं सगळं केलं. मी रविवारी फळं घेऊन जायचे. एकदा मी आयची वेणी घालत होते, तेव्हा ती म्हणाली, "सुनेला कोनी बोलला ना, मना आवडत नाय. तिनं काय मुद्दाम केला?" मग थोडं थांबून म्हणाली, "तुजं औषद चांगला होता बग. खोकला गेला माजा."

वेणी घालून झाली, तिच्या खांद्यावरचे केस झटकले आणि चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या पावसाळ्यात आयला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ती गेली.

दहाव्याला सगळे नातेवाईक जमले होते. कुणीतरी पुन्हा त्या गोळ्यांचा विषय काढला. तेव्हा मी उभी राहून बाटलीचं सगळं सांगितलं. हरवलेलं झाकण, न वाचलेली अक्षरं, पर्समध्ये लपवलेली बाटली, काही राखून ठेवलं नाही. भाऊ उठून बाहेर गेला.

नंतर मागच्या पडवीत वहिनी ताटं विसळत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि एक ताट हातात घेतलं. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"तवाच सांगायला होवा होता, ताई," ती म्हणाली. "आय ऐकत होती तवा."