कानिफनाथाचं तोंड आणि सरकारी ऊन

आमच्या गावातली सगळ्यात देखणी बाई म्हणजे कानिफनाथ. हे मी थट्टेनं म्हणत नाही. बहिरोबाच्या जत्रेतल्या नाटकात कैक वर्षं तोच नायिका व्हायचा आणि मी खाली बसून पेटी वाजवायचो. त्याचं तोंड मी जितकं जवळून पाहिलं तितकं त्याच्या आईनंही पाहिलं नसेल. रंग गोरापान, नाक सरळ, मिशी रोज सकाळी सफाचट. सुतक असल्याशिवाय मिशी काढणाऱ्याला नावं ठेवणाऱ्या आमच्या गावानं कानिफनाथाला तेवढी मोकळीक दिली होती.

मग बहात्तर साल आलं आणि पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले. अख्खं गाव घोडेगावच्या रस्त्याच्या सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलं. कानिफनाथ बसला, त्याची बायको राहीबाई बसली. घरात ज्वारी यायची ती त्या खडीच्या जिवावर. पण चैत्रात जत्रा होती, आणि जत्रा कमिटीनं आधीच बजावलं, "कानिफा, त्वांड काळवंडलं तर नगरहून बाई आनू." कानिफनाथाला हे जिवंतपणी तेरावं घातल्यासारखं लागलं. त्याला काम सुटून चालणार नव्हतं आणि रंग उतरूनही चालणार नव्हतं.

तेव्हा उन्हावरच्या लेपाचा शोध सुरू झाला. बैलबाजार हाकेवर असून आमच्याकडे बैल घेताना कुणी एवढा विचार करत नाही.

आधी त्यानं तोंडाला फडकं गुंडाळलं. त्यात घाम साठला, घामात धूळ बसली आणि गालावर घामोळं उठलं. मग बाजारातल्या गनीभाईनं तोंडाला लावायचा स्नो दिला. गनीभाई बांगड्या, रिबिनी विकायचा, पण बोलायचा डॉक्टरासारखा. "ये लावा पाटील, ऊन जवळ येनार न्हाई." ऊन आलंच, शिवाय स्नोवर खडीची भुकटी अशी चिकटली की संध्याकाळी कानिफनाथ नुकत्याच टाकी लावलेल्या जात्यासारखा दिसायचा. मुलतानी माती कुणीतरी सुचवली. ती धुवायला तांब्याभर पाणी लागायचं, आणि टँकरच्या रांगेत उभी असायची राहीबाई. तिनं पहिल्याच दिवशी तांब्या काढून घेतला.

शेवटी दवाखान्यातून गुलाबी औषध आणलं. ते वाळल्यावर तोंडभर पापुद्रे सुटले. शेजारी बसलेल्या बनुबाईनं पाहिलं आणि "देवी आल्या ह्याला!" म्हणून हातोडी टाकून पळाली. पाठोपाठ निम्मी ओळ उठली. मुकादम सहादेवानं त्याला बाभळीखाली वेगळा बसवला. बाभळीला सावली म्हणावी असं काही उरलं नव्हतं, नाहीतर तेवढंच बरं झालं असतं.

मग त्यानं नाटकाच्या रंगपेटीतला सफेदाच काढला. खोबरेल तेलात कालवून जाड थापला. हे मात्र लागू पडलं. दिवसभर पांढऱ्या तोंडाचा माणूस खडी फोडतोय, हे बघायला एसटी हळू व्हायची. लेपाखाली रंग जसाच्या तसा राहिला.

"आवं, माज्या तोंडाला कंदी इचारलंय का कुनी?" राहीबाई एकदा म्हणाली.

"तुज्या तोंडाला कोन टाळ्या वाजिवतंय?" कानिफनाथ म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, नट होता.

एक दिवस नगरहून साहेब आले. हजेरीच्या मस्टरवर खोटी नावं आहेत अशी तक्रार गेली होती. साहेब जीपमधून उतरले ते काळा चष्मा, डोक्यावर हॅट आणि मागं छत्री धरलेला शिपाई घेऊन. साहेबांपुढं रंगवलेल्या तोंडानं कसं जायचं, म्हणून कानिफनाथानं उपरण्यानं सफेदा खसाखसा पुसला.

साहेब ओळीनं तोंडं बघत चालले होते. कानिफनाथापाशी थांबले. "हे तोंड उन्हात राबलेलं नाही. याचं नाव काढा."

"साहेब, ह्ये हात बगा," कानिफनाथानं घट्टे पुढं केले.

"हात कुणीही दाखवील," साहेब म्हणाले. त्याच्या पलीकडं रंगनाथ उभा होता. रंगनाथ मुकादमाचा साडू, बैलबाजारातला दलाल. जन्मात हातोडी धरली नव्हती, त्या दिवशी फक्त हजेरीला आला होता. बाजाराच्या उन्हात बैलांचे दात बघून बघून तोंड तव्यासारखं झालेलं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असे मजूर पाहिजेत." मला इतका संताप आला की पुढ्यातला दगड चार घाव जास्त खाऊन गेला.

सहादेव नंतर म्हणाला, "चार दिवस उन्हात त्वांड भाजून घी, फुडल्या खेपंला नाव लावतो." कानिफनाथ एक दुपार माळवदावर बसलाही. मग खाली आला आणि आरशापुढं रडला. राहीबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माजं त्वांड सरकारला पसंत हाय. मी जाती, तुमी जपा तुमचं." त्या दिवसापासून दोघांचं पोट एका हातोडीवर आलं. कानिफनाथ सावलीत भाषणं पाठ करत राहिला आणि राहीबाई डोळ्यांदेखत वाळत गेली.

जत्रा आली. शाळेतल्या श्रीमंत नावाच्या गुरुजींनी त्या साली दुष्काळावरच नाटक लिहिलं होतं. नायिका खडी फोडणारी. ती गोरीपानच हवी, यात कमिटीला काहीच वावगं वाटलं नाही. रॉकेलची टंचाई, म्हणून नाटक दुपार कलल्यावर उजेडातच लावलं. अध्यक्ष म्हणून तेच साहेब, या वेळी चष्म्याशिवाय.

कानिफनाथानं कमाल केली. पदरानं घाम पुसत त्यानं लाकडी हातोडी अशी मारली की बायका हुंदके द्यायला लागल्या. साहेब उठले, स्टेजवर चढले, त्याला नारळ दिला. "मी जिल्ह्यातली सगळी कामं पाहिली," ते म्हणाले, "पण इतकी खरी मजूर बाई मी कुठंच पाहिली नाही!"

कानिफनाथानं नारळ खाली ठेवला. नऊवारीचा पदर सावरून हात जोडले. "मंग साहेब, उद्यापास्नं कामावर घ्या की. घरी एकीच्या हातुडीवर दोन पोटं हायती."

साहेबांना वाटलं, हे नाटकातलंच भाषण. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि टाळ्या वाजवल्या. मग कमिटीनं वाजवल्या, मग साऱ्या गावानं. राहीबाई बायकांत पुढंच बसली होती. ती उठली, पदर खोचला आणि घागर घ्यायला घराकडं निघाली. टँकर यायची वेळ झाली होती.